माल गेल्यानंतरचे पत्र

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर आपण नेहमी लागणीचे अंतर, खतांच्या मात्रा, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असे विषय वाचता. या अंकात आम्ही जरा बांधाच्या पलीकडचे लिहिणार आहोत. आपल्या कार्यक्षेत्रातील बरेच सभासद आता नुसता ऊस पिकवून थांबत नाहीत. कोणी ऊस रोपवाटिका घातली आहे, कोणाचे गुऱ्हाळ आहे, बचत गटाच्या भगिनी काकवी आणि गूळ पावडर विकतात. कालपर्यंत जो फक्त उत्पादक होता तो आता दुकानदारही झाला आहे. रोप कसे करावे हे शेतकी खात्याने सांगितले. ट्रे, कोकोपीट, बेणेप्रक्रिया, सगळे सांगून झाले. पण माल गिऱ्हाइकाच्या दारात उतरला, पैसे हातात आले, त्यानंतर त्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचे असते हे कोणी सांगत नाही. आमचे सांगणे असे की, त्याला आभाराचे एक पत्र लिहायचे असते.

हे वाचून काही मंडळी हसतील, ते आम्हांस ठाऊक आहे. गट ऑफिसात रोपवाटिकाधारकांची बैठक झाली तेव्हाही हशा झालाच. एक जण म्हणाले, "सायेब, रोप जोमदार असंल तर गिऱ्हाईक आपसूक येतंय. पत्रं कसली लिवायला लावताय?" बोलणे वरवर बरोबर आहे. चहाच्या गाड्याला ते लागूही पडेल. उसाच्या रोपांच्या धंद्याला मात्र ते लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते हिशेबानेच दाखवतो.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने जुलै २०२४ मध्ये आडसाली लागणीसाठी आपल्याकडून रोपे नेली. साडेचार फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकरी ४,८४० रोपे लागतात. नांग्यांसाठी थोडी जास्त धरून त्याने दोन एकरांना दहा हजार नेली. आडसालीचा ऊस १४ ते १६ महिन्यांनी तुटतो. म्हणजे २०२५ ची दिवाळी मागे पडली. त्यानंतर तो खोडवा ठेवणार, त्याला आणखी बारा महिने. कोणी निडवाही धरतो. मग बेवडासाठी एखादे हरभऱ्याचे नाहीतर भुईमुगाचे पीक. म्हणजे आज रोपे नेलेला माणूस त्याच रानासाठी पुन्हा रोपे घ्यायला बाहेर पडतो तो तिसऱ्या, कधी चौथ्या वर्षी. दूधवाल्याचे गिऱ्हाईक रोज येते, किराणावाल्याचे आठवड्याला येते. आपले तीन वर्षांनी येते. तेवढ्या काळात चौकातल्या झाडाला ठोकलेली दुसऱ्या रोपवाटिकेची पाटी त्याला रोज दिसत असते, टेम्पोवर रंगवलेला मोबाईल नंबर दिसत असतो, आणि आपले जोमदार रोप मात्र ऊस होऊन केव्हाच गव्हाणीत पडलेले असते. मधल्या तीन वर्षांत आपण त्याच्या नजरेला कशाने राहणार?

आपल्याच एका सभासदांची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. रोपवाटिका रस्त्याकडेला, पाणी चांगले, बेणे नऊ-दहा महिन्यांच्या बेणेमळ्यातले, माणूस कष्टाळू. पहिली दोन वर्षे रोपे हातोहात गेली. त्या भरात शेडनेटसाठी बँकेचे कर्ज काढले, ट्रे वाढवले. तिसऱ्या वर्षी ऐन आडसालीच्या तोंडावर निम्मे ट्रे तसेच पडून राहिले. आता, ऊस रोप म्हणजे काही सिमेंटचे पोते नव्हे की पुढच्या महिन्यात विकू. २५-३० दिवसांचे झाले की ते रानात जायला पाहिजे. फार दिवस ट्रेमध्ये राहिले तर मुळ्या कपात गुंडाळतात, पात पिवळी पडते, आणि मग ते फुकट दिले तरी कोणी नेत नाही. बँकेचा हप्ता मात्र रोपाचे वय बघत नाही. गडी हवालदिल होऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, गेल्या खेपेचं एकबी गिऱ्हाईक वळलं नाही. कुठं गेली माणसं?"

आम्ही त्यांची वही मागितली. वहीत नोंदी होत्या त्या अशा: "तात्या – ५ हजार – बाकी ७००". "पाव्हणं, खालचं गाव – ३ हजार – रोख". कोणते तात्या? त्यांनाच आठवेना. कोणती जात नेली? ते लिहिलेले नाही. तारीख? वहीच्या कोपऱ्यात फक्त महिना. मग टेम्पोवाल्याला गाठून, त्याला गावे आठवायला लावून, फोनमधले जुने नंबर काढून चाळीस-बेचाळीस पत्ते जमवले, आणि रोज चार याप्रमाणे ते गृहस्थ पत्रे लिहायला बसले. सगळे फळाला आले असे आम्ही म्हणणार नाही. काहींनी रोपे दुसरीकडून घेऊनही झाली होती. दोघांनी उलट टपाली तक्रारच केली. पण जे आले त्यांतल्या एका वयस्क शेतकऱ्याने जे सांगितले ते लक्षात राहण्यासारखे आहे. "तुमचं रोप वाईट नव्हतं हो. पर आमी कुणाकडनं नेलं हुतं तेच घरात कुणाला सांगता येईना."

आता पत्रात लिहायचे काय? इथे खरी अडचण येते, आणि तिचे कारण आपल्या भाषेत आहे. आभार हा शब्द आपण सभेत वापरतो. शेवटी एक जण उठतो आणि व्यासपीठावरच्या एकेकाचे नाव घेऊन आभार मानतो, तोवर मागची माणसे चपला शोधायला लागलेली असतात. घरात, भावकीत, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याशी आपण हा शब्द वापरत नाही. कोणी वापरला तर समोरचा म्हणतो, "आभार कसले मानताय, आम्हाला परकं केलंत का?" शेजारी रात्री मोटार चालू करून आला तर आपण आभार मानत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा बैल आजारी पडला तर आठवणीने विचारतो. आपल्याकडची कृतज्ञता ही अशी विचारपुशीत असते. म्हणून गिऱ्हाइकाला लिहिताना आभार हा शब्द एकदाच यावा आणि बाकीचे पत्र विचारपुशीचे असावे. हे ज्याला साधले त्याचे पत्र लोक वाचतात. नाहीतर त्याची गत सभेतल्या आभारप्रदर्शनासारखी होते.

एक छापील पत्र आमच्या पाहण्यात आले. शहरातल्या छापखान्यातून गुळगुळीत कागदावर काढलेले. मजकूर साधारण असा होता: "माननीय ग्राहक, आपण आमच्या उत्पादनांवर दाखविलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत. आपले समाधान हेच आमचे ध्येय. आमच्याकडे सर्व जातींची दर्जेदार रोपे योग्य दरात मिळतील. आजच बुकिंग करा." यात चुकीचा शब्द एकही नाही. पण हे पत्र कोणालाही पाठवता येते, आणि जे कोणालाही पाठवता येते ते आपल्यासाठी नाही हे शेतकऱ्याला पाकीट फोडताच कळते. शिवाय शेवटी हात पसरलेलाच आहे. आभार मानता मानता पुढची मागणी मागणे म्हणजे हळदीकुंकवाला बोलावून वाणाचे पैसे मागण्यासारखे आहे.

त्याच्या जोडीला हे दुसरे पाहा. हे वर सांगितलेल्या सभासदांनी आमच्यासमोर बसून लिहिले. दोन ठिकाणी आम्ही शब्द सुचवले, बाकी सारे त्यांचेच.

"श्री. ……… यांस, सा. न. वि. वि.
आपण २२ जुलै रोजी आमच्याकडून को ८६०३२ ची ४,९०० रोपे नेलीत. त्या दिवशी पाऊस होता आणि टेम्पो आपल्या बांधावर रुतला होता. तरी आपण दुसऱ्या दिवशी सकाळीच लागण उरकलीत असे ड्रायव्हरकडून कळले, म्हणून आपली लागण आमच्या ध्यानात राहिली. आता मोठ्या बांधणीचे दिवस आले असतील. बांधणीच्या वेळी बेटात फुटवे किती धरले आहेत ते एकदा मोजून पाहावे. आमच्यावर भरवसा ठेवून रोपे नेलीत याबद्दल आभारी आहोत. रोपांत काही कमीजास्त निघाले असल्यास तेही मोकळेपणाने कळवावे. घरी सर्वांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.
आपला, ………"

यात अलंकार काही नाही. पण पत्र घेणाऱ्याला चार गोष्टी कळतात: आपली तारीख त्यांच्याकडे लिहिलेली आहे, आपली जात लिहिलेली आहे, आपला टेम्पो रुतला होता ते त्यांना आठवते, आणि पैसे घेऊन साडेचार महिने झाले तरी ते आपल्या उसाची चौकशी करतात.

शेतकी खात्यात असल्यामुळे या पत्राचा आणखी एक उपयोग आम्हांस दिसतो, तो पत्र लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसतो. कारखान्याकडे ऊस नोंद देताना चिटबॉय काय विचारतो? गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख. पुढे तोडणीचा कार्यक्रम याच तारखेवरून आणि जातीवरून लागतो. दर हंगामात आम्ही पाहतो, चिटबॉय बांधावर उभा असतो आणि घरात वाद चाललेला असतो. "लागण पोळ्याच्या आधी झाली की नंतर?" "८६०३२ हाय का २६५ हाय?" ज्याच्याकडे हे पत्र आहे तो कपाटातून काढून दाखवतो. एका घरी तर ते पत्र सात-बाराच्या उताऱ्याला टाचणीने लावून ठेवलेले आम्ही पाहिले. आभाराचे पत्र कोणी सात-बाराजवळ ठेवत नाही. त्यातल्या तारखेसाठी ठेवतो. पण पत्रावर रोपवाटिकेचे नाव आणि फोन नंबर असतोच, आणि तीन वर्षांनी पुन्हा लागणीची वेळ आली की तेच पत्र पुन्हा हातात येते.

पत्र केव्हा पाठवावे याला फार महत्त्व आहे. पुष्कळ जण पैसे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी उत्साहाने लिहितात. त्या वेळी आनंद आपल्या घरी असतो, गिऱ्हाईक अजून काळजीत असते. रोपे रुजली का, नांग्या किती पडल्या, हे त्याला कळायचे असते. आमचे म्हणणे असे की, आठ-दहा दिवसांनी फोन करावा आणि नांग्यांपुरती चार रोपे लागत असल्यास न्यायला सांगावे. ते फोनचेच काम आहे, कारण तिथे उशीर चालत नाही. पत्र मात्र मोठ्या बांधणीच्या सुमारास जावे. दुसरे, छोटे पत्र ऊस तुटल्यावर जावे, टनेज काय पडले ते विचारणारे. बस्स. वर्षाला पाच पत्रे पाठवणाराही कंटाळा आणतो.

गुळाच्या धंद्यात वेळ वेगळी. संक्रांतीसाठी चिक्कीचा गूळ नेणारे दुकानदार डिसेंबर-जानेवारीत इतके गडबडीत असतात की त्यांना त्या दिवसांत पत्र वाचायला सवड नसते. संक्रांत होऊन आठवडा गेला, गल्ल्यावर शांतता आली, की लिहावे. आपल्या भागातून ज्यांचा गूळ गुजरातेतील पेढ्यांना थेट जातो त्यांनी लाभपाचमीचा दिवस ध्यानात ठेवावा. दिवाळीनंतर तिकडचे व्यापारी त्या दिवशी मुहूर्ताने कामाला लागतात. त्या सुमारास पोचलेले पत्र शुभ मानून ठेवले जाते. असे पत्र सोप्या हिंदीत लिहिले तरी चालेल. गूळ अडत्याकडे घालून पट्टी घेऊन येणाऱ्यांस खरेदीदार दिसतच नाही, त्यांना हा भाग वगळता येईल.

दुकानदाराला लिहिताना शेतकऱ्याला लिहितो तसे लिहून भागत नाही. त्याला आपल्या गुळाच्या कौतुकात रस नसतो, गूळ काउंटरवरून किती लवकर हलला यात असतो. एका गुऱ्हाळमालकाने मिठाईवाल्याला लिहिलेल्या चार ओळी आम्हांस आवडल्या: "आपण मागच्या वर्षी सांगितले होते की पाच किलोचे रवे पडून राहतात, घरगुती गिऱ्हाईक लहान मागते. म्हणून यंदा अर्ध्या किलोचे केले. आपण सांगितले नसते तर आम्हांस कळले नसते. त्याबद्दल आभारी आहोत." माल घेतल्याबद्दल आभार मानणारे पुष्कळ असतात. सांगितलेले ऐकून त्याप्रमाणे केले आणि मग आभार मानले, असा विक्रेता दुकानदाराला क्वचितच भेटतो.

वसतिगृह, कंपनीचे उपाहारगृह, मोठे हॉटेल अशा ठिकाणी माल जात असेल तर पत्र कोणाच्या नावे लिहावे, हा प्रश्न येतो. साहेबांच्या नावे लिहावे, पण पत्रात भांडारात माल मोजून घेणाऱ्याचे आणि बिल पुढे सरकवणाऱ्या कारकुनाचे नाव आवर्जून असावे. "आपल्या भांडारातील श्री. ……… यांनी माल त्याच दिवशी उतरवून घेतल्यामुळे आमची गाडी मुक्कामी राहिली नाही" एवढे एक वाक्य त्या माणसाच्या साहेबांसमोर वाचले जाते. त्याची किंमत त्यालाच ठाऊक. मात्र आभाराबरोबर डबा, पाकीट, भेटवस्तू काहीही पाठवू नये, सरकारी ठिकाणी तर मुळीच नाही. गुळाची ढेप पोचली की त्याच पत्राचा अर्थ बदलतो आणि बिचाऱ्या भांडारपालाला खुलासा द्यावा लागतो.

आमच्या भगिनींना वाटते की आपल्याला हे जमणार नाही. काकवीच्या बाटल्या भरणाऱ्या एका बचत गटाच्या अध्यक्षा आम्हांस म्हणाल्या, "दादा, माझं अक्षर वंगाळ. सातवीतनं शाळा सुटली. लेकाकडनं मोबाईलवर टाइप करून घेऊ का?" आम्ही म्हणालो, "काकी, तुम्हीच लिहा. अक्षर वंगाळ असलं तर दुकानदार सावकाश वाचेल." त्यांनी लिहिले: "भाऊ, तुमी आमची काकवी फुडच्या फळीवर ठेवली. आमाला मागं ठिवतील आसं वाटलं हुतं. आमच्या धा बायकांची दिवाळी त्या फळीनं झाली." शुद्धलेखनाला हात लावू नका असे आम्ही निक्षून सांगितले. पुढे काही कामाने त्या दुकानात गेलो तर ते कार्ड काउंटरच्या काचेखाली ठेवलेले दिसले. शेजारी दुसऱ्या कंपनीचे रंगीत कॅलेंडर टांगलेले होते, त्याकडे कोणी बघत नव्हते.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. फोनवरून संदेश पाठवायला आमची ना नाही. तातडीच्या कामाला तोच बरा. परंतु सकाळी उठल्यापासून प्रत्येकाच्या फोनवर फुलांची चित्रे, सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा येत असतात, त्यांतच आपले आभारही वाहून जातात. पाठवणाऱ्याने एकच मजकूर दोनशे जणांना धाडला आहे हे घेणाऱ्याला पुरते माहीत असते. पोस्टकार्ड आपल्या देशात १८७९ साली सुरू झाले, आणि अजून ते पन्नास पैशांना मिळते. चाळीस गिऱ्हाइकांना लिहायचे तर वीस रुपये. एका ट्रेच्या रोपांची किंमत यापेक्षा जास्त होते. फक्त कार्डावर दर, बाकी, पैशाची देवघेव लिहू नये, कारण पोस्टमनपासून शेजारच्या पोरापर्यंत सगळे ते वाचतात. तसले काही लिहायचे असेल तर आंतर्देशीय पत्र घ्यावे.

बाकीवरून आठवले. ज्याच्याकडे आपले सातशे रुपये येणे आहेत त्याला आभाराचे पत्र लिहावे का? लिहावे, पण त्यात बाकीचा उल्लेख नसावा. बाकीसाठी वेगळे पत्र, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र केले की आभार ही वसुलीची प्रस्तावना होते, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपले अक्षर ओळखून पत्र न फोडताच ठेवून देते. उलट बाजूही तितकीच खरी. आपल्याकडून त्याला काही येणे असेल, कमी भरलेली रोपे द्यायची असतील किंवा जादा घेतलेले भाडे परत करायचे असेल, तर आधी ते द्यावे आणि मग पत्र लिहावे.

इथे सभासद आमच्याकडे बोट दाखवतील. "आम्ही बारा-पंधरा महिने ऊस सांभाळून कारखान्याला घालतो, आम्हाला कोण आभाराचे पत्र लिहितो?" प्रश्न योग्य आहे. सभासद हा कारखान्याचे गिऱ्हाईक नव्हे, मालक आहे, असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण ते उत्तर आम्हांस स्वतःलाच पुरेसे वाटत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराप्रमाणे पैसे जमा व्हायला हवेत. आमच्या मते ऊस घेणाऱ्या कोणत्याही कारखान्याचे पहिले आभार त्या चौदा दिवसांत असतात. ते चुकले तर मागून कितीही सुंदर पत्र येऊ द्या, शेतकरी ते चुलीत घालील. हे पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. माल खराब असेल तर पत्राने तो सुधारत नाही. बेण्याला ५४ अंश सेल्सिअसवर अडीच तास उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया न करता, कुठल्याही फडातला ऊस तोडून रोपे केली आणि पुढे खोडव्यात गवताळ वाढ निघाली, तर त्या घरातले आपले पत्र हे आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपले जाईल.

तक्रारीच्या पत्राला उत्तर देणे पुष्कळांना जड जाते. वर ज्या दोघांनी उलट तक्रार केली म्हणालो, त्यांपैकी एकाचे म्हणणे होते की रोपांत मिसळ निघाली, दोन जातींचे ऊस एकाच सरीत दिसतात. आमचे सभासद चिडले. म्हणाले, "तीन वर्सं गप बसला आन् आता सांगतोय!" आम्ही म्हणालो, रागावू नका. ज्याला पुन्हा तुमच्याकडे यायचेच नाही तो तक्रार करत बसत नाही, तो गुपचूप दुसऱ्याकडे जातो आणि चार जणांना सांगतो. या माणसाने स्वतःचे कार्ड, स्वतःची शाई खर्च केली आहे. त्याचे पहिल्या ओळीत आभार माना, दुसऱ्या ओळीत रान बघायला केव्हा येता ते लिहा, आणि खरेच जा. ते गेले. मिसळ खरीच होती, एका कोपऱ्यातल्या तीन-चार सऱ्यांत. बेणेमळ्याच्या कडेला दुसऱ्या जातीचे चार बुंधे उगवलेले राहून गेले होते, ते यामुळे सापडले. त्यांनी त्या शेतकऱ्याला पुढच्या लागणीला तेवढी रोपे बिनपैशाने देऊ केली. तो घेईल की नाही, ते अजून ठरायचे आहे.

पत्राच्या मायन्याबद्दल थोडे. वयाने मोठ्या माणसाला "सा. न. वि. वि." लिहावे, ते जुने झाले म्हणून लाजू नये. भगिनींना लिहिताना सौ. की श्रीमती हे नक्की माहीत नसेल तर नुसते श्रीमती लिहावे. पद आठवत नसेल तर चौकशी करून घ्यावी, पण नाव चुकवू नये. आडनावातला एक काना-मात्रा चुकला तर वरचे सारे आभार फुकट जातात. पत्त्यावर सहा आकडी पिनकोड लिहावा, १९७२ पासून तो आहे, तरी आपल्याकडची निम्मी पत्रे "मु. पो. अमुक, ता. तमुक" एवढ्यावरच सुटतात आणि एका नावाची तीन गावे असलेल्या जिल्ह्यात फिरत बसतात. पत्र घरातल्या कोणीही लिहावे, पण खाली सही ज्याने माल दिला त्याचीच असावी.

या सगळ्याचे मूळ वहीत आहे, कारण वहीत नाही ते पत्रात येणार कुठून. रोपवाटिकाधारक, गुऱ्हाळमालक आणि बचत गट यांच्यासाठी शेतकी खात्याने एक साधी वही आखून ठेवली आहे. तीत गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव, गाव, पिनकोड, फोन, माल नेल्याची तारीख, जात किंवा प्रकार, नग वा वजन आणि शेवटी "विशेष" असा मोठा रकाना आहे. त्या रकान्यात टेम्पो रुतला, मुलीचे लग्न होते म्हणून चार दिवस उशिरा नेले, अर्ध्या किलोचे रवे मागितले, अशी जी काही गोष्ट त्या वेळी कानावर येईल ती लगेच लिहावी. वह्या सर्व गट ऑफिसांत ठेवल्या आहेत. आडसालीची रोपे ट्रेमध्ये घालण्यापूर्वी आपापल्या चिटबॉयकडून मागून घ्याव्यात.